चढा गंधार

प्रणेशने आधी कांदा शोधला. ओट्यावर नव्हता, विळीपाशी नव्हता, ताटात नव्हता. श्रीलक्ष्मी खाली बसून मेथी निवडत होती, तिच्या कानात फोनच्या वायरी होत्या आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायचीही शुद्ध तिला नव्हती. एक थेंब हनुवटीवरून थेट मेथीत पडला. मेथीने कुणाच्या डोळ्यांना पाणी येत नाही, एवढं संगीताच्या मास्तरालाही कळतं.

“काय झालं गं? भालकीहून फोन आला काय?” भालकी तिचं माहेर.

ती दचकली. एक वायर कानातून काढली आणि चोरी पकडल्यासारखी हसली. “काय न्हाई हो. ऐकायले होते जरा.”

“काय?”

“अमरदीपचं. ते नवीन न्हाई का, चिंताकी.”

प्रणेशने ‘बरं’ म्हटलं, माठातलं पाणी प्याला आणि शाळेची पिशवी उचलून जिना उतरला. बरं काहीच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने त्याला कुठे कुठे ऐकलं होतं: बीदरच्या रंगमंदिरात, गुलबर्ग्याच्या उत्सवात, रेडिओवर, गणपतीच्या मांडवात, रोज पहाटे भिंतीपलीकडून. त्याचा यमन तिने ऐकला होता, तोडी ऐकली होती, ज्या मारव्यासाठी त्याने उमेदीची वर्षं घातली तो मारवा ऐकला होता. डोळ्यांत टिपूस नाही. आणि ती काही कोरड्या मनाची बाई नव्हती. कन्नड मालिकेतल्या खाष्ट सासूला अपघात झाला तर ही पदर डोळ्याला लावायची; शेजारच्या ईरण्णाची म्हैस विकली गेली तेव्हा दोन दिवस हिच्या घशाखाली भाकरी उतरली नव्हती. प्रणेशने आजवर त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता. खऱ्या गाण्याला माणूस रडत नाही, मान हलवतो. रडवायला कीर्तनकार आहेत, सिनेमा आहे. हा अर्थ त्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आता एका मेथीच्या जुडीपुढे तो फुकट गेला होता.

शाळेच्या वाटेवर लाल जांभ्याची धूळ उडत होती. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या दारात बाकावर गाल धरून बसलेल्या म्हाताऱ्याच्या नातीच्या फोनवर तेच चालू होतं. आधी चेलोचा एकच लांब सूर, जमिनीला टेकलेला; मग हार्मोनियम, मग त्यावर एक बाई शब्दांवाचून गाते. काय होतं त्यात? ना बोलतान, ना सरगम, ना विलंबितातला ख्याल. एक राग घेतलेला, त्याच्या चार जागा निवडलेल्या, दोन व्हायोलिनं, एक चेलो, एक पेटी आणि एक गळा. चहा निवायच्या आत संपणारं गाणं. रागदारी सुरू झाली की जे लोक जोडे शोधायला उठत, तेच आता उद्गीरच्या जीपमध्ये ते लावत होते. तहसील कचेरीतले लोक ते एकमेकांना पाठवत होते. हवाई दलातला कुणी पंजाबी पोरगा त्याच्यावर आपल्या आईचे फोटो जोडून टाकत होता. आणि औराद तालुक्यातल्या चिंताकी या अमरदीपच्या गावाचं नाव, जे कंडक्टरसुद्धा अर्धंच उच्चारायचा, ते आता लंडनची माणसं लिहीत होती. गेल्या आठवड्यात शाळेतल्या संगणकाच्या पल्लवी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “सर, तुम्ही अन् अमरदीप एकाच गुरूंचे म्हणे? मग तुम्ही कामून असलं काही करत न्हाई?” मॅडमच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. प्रणेश हसून म्हणाला होता, “ज्याचं त्याचं क्षेत्र असतं,” आणि तासाला जाऊन सातवीच्या पोरांवर विनाकारण खेकसला होता.

एकाच गुरूंचे, हे खरं होतं. कमलनगरला ईरय्या मास्तरांच्या माळवदावर दोघं एकदमच शिकले. प्रणेश थोडा मोठा, म्हणून अमरदीप त्याला अण्णा म्हणे आणि अहोजाहो करी. प्रणेश त्याला अरेतुरे करी. तेव्हा ते वयामुळे वाटे. प्रणेश मास्तरांच्या घरीच राहायचा, अमरदीप चिंताकीहून येऊन-जाऊन करायचा. त्याचे वडील रामराव शेती करत आणि चौदा एप्रिलला गावोगाव भीमगीतं म्हणत. त्यांचा आवाज माईकशिवाय वेशीपर्यंत जायचा. मास्तर जातपात मानत नसत. माळवदावर एकच माठ होता आणि सगळे त्यातलंच पीत. प्रणेशचे वडील मुकुंदराव मात्र एकदा तिथे आले, अमरदीपचं ऐकलं आणि परतताना बसमध्ये म्हणाले, “पोराचा गळा गोड आहे. पण...” त्या ‘पण’च्या पुढे ते काही बोलले नाहीत. प्रणेशनेही विचारलं नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की तो ‘पण’ बापाबरोबर गेला. या दिवसांत, दात घासताना, तंबोरा जुळवताना, तो आपोआप जिभेवर यायचा: लोकप्रिय आहे, पण. भावना आहे, पण. आणि ते आपल्याच तोंडात बापाच्या आवाजात ऐकून प्रणेशला स्वतःची किळस यायची. मत्सर काही नवं आणत नाही, घरात जे दडवलेलं असतं तेच वर काढतो. किळस आली म्हणून मत्सर मात्र कमी झाला नाही.

दुपारी अमरदीपचाच फोन आला. नाव दिसताच प्रणेशने तो चार वेळा वाजू दिला. माणूस कामात आहे असं वाटायला तेवढं लागतं.

“अण्णा, नमस्कार. जेवण झालं?”

“झालं. बोल.” ‘बोल’ म्हणताना आधी क्षणभर ‘बोला’ तोंडात आलं, याचाही त्याला राग आला.

“हैदराबादची समदी मंडळी घेऊन बीदरला यायलोय. रंगमंदिरात कार्यक्रम हाय. आपल्या मुलखात पहिल्यांदा चिंताकी वाजवणार. अण्णा, गळा तुमचा पायजे.”

“तुझी ती गाणारी बाई?”

“ती चांगलीच गाती. पण हितं तुम्हीच. न्हाई म्हणू नका. कामून ते समोर आल्यावर सांगतो.”

नाही म्हणायला हवं होतं. पण प्रणेशच्या डोळ्यांपुढे तिसऱ्या रांगेत बसलेली श्रीलक्ष्मी आली, तिचे ओले गाल आले. आणि या खेपेला ते त्याच्या गळ्याने ओले झाले होते. एकदा, फक्त एकदा. त्याने किती मागितलं होतं आयुष्यात? पुरस्कार गेले, परदेश गेला, कशाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढं एक हवं होतं, आणि ते मिळवायला अमरदीपच्या दारातून जावं लागणार होतं. “कधी आहे?” त्याने विचारलं, आणि आवाज शक्य तितका कंटाळलेला ठेवला.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. ‘चिंताकी’ भीमपलासीवर उभं, आणि भीमपलासी तिसऱ्या प्रहराचा राग, म्हणून अमरदीपने हट्टाने वेळ तीच ठेवली होती. तिथेही नाव ठेवायला जागा नाही. आदल्या दिवशी एका शाळेच्या सभागृहात तालीम झाली. अमरदीप आला, त्याने वाकून नमस्कार केला, प्रणेशच्या आईची, नलिनीबाईंची, चौकशी केली. केस विरळ झाले होते, अंगावर साधा खादीचा शर्ट. गर्व म्हणाल तर कुठेच नाही. गर्व असता तर प्रणेशला किती सोपं गेलं असतं! यशस्वी माणसाला नम्रता फार स्वस्तात मिळते, असं त्याने मनात म्हटलं, आणि हे वाक्य आपल्याला सुचल्याचं त्याला घटकाभर बरंही वाटलं.

चेलोवाल्या मुलीने षड्ज धरला. प्रणेश गायला लागला. मध्यमावरून खाली उतरला, तसा अमरदीपने पेटीवरचा हात उचलला. “अण्णा, हितं गंधार एवढुसा चढा ठेवायचा.”

“भीमपलासीत? गंधार कोमल आहे तो. चढा कसा ठेवणार? हे तुला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच,” अमरदीप म्हणाला. “आठवंना का? आईंचं आपरेशन होतं हैदराबादला, अन् तुमच्या वडलांनी तुम्हाला जाऊ दिलं न्हवतं.”

आठवलं. सगळं एकदम आठवलं. माळवदावरचं ऊन, खाली मास्तरीणबाईंनी वाळत घातलेल्या शेवयांचा वास, आणि पोटात धरून ठेवलेली भीती. वय एकोणिसाचं. वडिलांनी निरोप धाडला होता, परीक्षा जवळ आहे, रियाज मोडू नकोस. तो भीमपलासी म्हणत होता. उतरताना गंधार आपल्या जागेवर आलाच नाही, वरच राहिला, ना कोमल ना शुद्ध. जिन्यात मधेच बसून राहिलेल्या पोरासारखा. मास्तरांनी पेटीच्या फळीवर अंगठी ठोकली. ही त्यांची रीत होती. सूर हलला की अंगठी वाजायची, आणि ज्याच्यावर वाजली त्याने तो सूर संध्याकाळपर्यंत एकटा घोकायचा. त्या दिवशी मात्र ते बोलले. “हे रडणं झालं प्रणेश, गाणं न्हवं. रडायचं ते घरी रड. हितं गा.” आई पुढे ठणठणीत बरी झाली, आजही लोणच्याच्या मिठावरून सुनेशी वाद घालते. तो गंधार मात्र प्रणेशने उपटून काढला. महिनोन्‌महिने, तंबोरा कानाशी धरून, तो सूर जागेवर बसवला. इतका, की आता झोपेतून उठवलं तरी त्याचा कोमल गंधार सुईच्या टोकावर यायचा. रेडिओच्या परीक्षकांनी त्याबद्दलच त्याची पाठ थोपटली होती. त्याच्या साऱ्या गाण्याचा पाया तिथे होता.

“मी शेजारीच बसलो होतो,” अमरदीप सांगत होता. “मास्तरांनी ठोकलं, अन् मला वाटलं, ह्ये कामून थांबवायलेत? इतकी वर्षं डोक्यातून गेलं न्हाई बगा. चिंताकी म्हणजे त्यो एक गंधार हाय. बाकी मी निस्ती भिंत बांधली त्याच्या भवती. मी समद्यांना सांगतो, ह्ये प्रणेशअण्णाचं हाय.”

वाजवणारी पोरं प्रणेशकडे आदराने बघत होती. चोरी झाली असती तर बरं झालं असतं. चोराला शिव्या देता येतात, चार लोकांत त्याचं नाव काढता येतं. इथे चोरी नव्हती. आपणच लाजून अडगळीत फेकलेलं तांब्याचं भांडं शेजाऱ्याने उचललं, घासलं, आणि वर सगळ्या गावाला सांगितलं, की भांडं यांचं आहे हो. म्हणजे श्रीलक्ष्मी रडली ती त्याच्याच सुरावर. पण त्याने गायलेल्या नव्हे, त्याने मारून टाकलेल्या. त्याला त्या एकोणीस वर्षांच्या पोराचाही मत्सर वाटला, जो चुकला होता आणि आपण काय गायलो हे ज्याला ठाऊकही नव्हतं.

आणि आता तो सूर येईना. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. गळा उतरायचा आणि गंधार आपल्या घासलेल्या जागेवर जाऊन बसायचा, निर्दोष. जरा जोर केला की थेट शुद्ध लागायचा आणि बेसूर वाटायचं. चेलोवाल्या मुलीने हळूच घड्याळ पाहिलं. शेवटी अमरदीप म्हणाला, “ऱ्हाऊ द्या अण्णा. कोमलच लावा. लोकांना काय कळायलंय?”

हे तो त्याला सांभाळून घ्यायला बोलला. पण प्रणेशला ते झोंबलं. लोकांना काय कळतंय, हे वाक्य त्याचं होतं. आयुष्यभर त्यानेच ते वापरलं होतं.

रविवारी रंगमंदिर भरून गेलं. एरवी प्रणेशच्या कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगांत निवृत्त अधिकारी आणि मागे रिकाम्या खुर्च्यांवर फिरणारे पंखे. आज खेड्यांतून जीप भरभरून आल्या होत्या. चिंताकीची सगळी आळी आली होती, रामराव आणि अमरदीपची आई शोभाबाई मधोमध, शोभाबाईंच्या अंगावर पांढरं लुगडं. भालकीच्या बाया, वकील, कॉलेजची पोरं, बिदरीच्या काळ्या भांड्यांवर नक्षी करणारे दोन मुसलमान कारागीर, सगळे. तिसऱ्या रांगेत श्रीलक्ष्मी मोरपंखी साडी नेसून बसली होती, हात मांडीवर घट्ट.

चेलोने सूर धरला आणि सभागृह गप्प झालं. प्रणेश गायला लागला. चांगला गात होता तो. स्वतःला ऐकू येत होतं. व्हायोलिनं मागून आली आणि त्याच्या आवाजाखाली हात देऊन उभी राहिली. असा आधार त्याला कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळताच वाटलं, हे याने मला आधीच का दिलं नाही, मी याच्याकडे कधी मागितलं का नाही. ती जागा जवळ आली. त्याने ठरवलं होतं, कोमल लावायचा, स्वच्छ, मास्तरांनी मान डोलावली असती असा. ज्याला कळायचं त्याला कळेल. मध्यमावर त्याने सहज बाजूला पाहिलं. अमरदीप डोळे मिटून पेटी वाजवत होता. चेहऱ्यावर कुठलीच धडपड नव्हती. त्याचे आईबाप समोर होते, त्याचं गाव समोर होतं, त्याला कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. हे एवढं सुख या माणसाला कसं, कुठून, माझ्याच चुकीतून? प्रणेशच्या छातीत काहीतरी कडू, गरम वर आलं, ते गिळायला वेळ नव्हता, गळा उतरणीला लागला होता. गंधार आला तो वरच राहिला. ना कोमल, ना शुद्ध. तिथेच थरथरत थांबला.

सभागृहातून एक श्वास गेला. प्रणेशला तो अंगावर जाणवला. शोभाबाईंनी लुगड्याचा पदर तोंडावर घेतला. मागच्या रांगेत एक दांडगा जीपवाला दोन्ही मनगटांनी डोळे पुसत होता. लोक आपापल्या आयांसाठी, मेलेल्यांसाठी, सोडून आलेल्या गावांसाठी रडत असतील. प्रणेशला एकट्याला ठाऊक होतं, की गळ्यातून जे गेलं तो शुद्ध मत्सर होता. त्यात माया नव्हती, दुःख नव्हतं. तरी ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तो पुन्हा त्या जागी आला आणि गंधार पुन्हा तसाच आला, आता बोलावल्यासारखा. मग त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

श्रीलक्ष्मी ताठ बसली होती. डोळे कोरडे, त्याच्यावर खिळलेले, ओठ आवळलेले. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया रडत होत्या आणि मधे ती परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी बसली होती. तिने मांडीवर बोटं एकमेकांत अडकवली होती.

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. अमरदीपने त्याला मिठी मारली, कानाशी म्हणाला, “आला की अण्णा, आला,” आणि तो स्वतः रडत होता. माणसं येऊन पाया पडली. रामरावांनी त्याचे हात आपल्या राकट हातांत धरून ठेवले. प्रणेश सगळ्यांना हसून मान देत होता आणि गर्दीवरून मोरपंखी साडी शोधत होता.

ऑटोत दोघं शेजारी बसली. उन्हं कलली होती, किल्ल्याच्या बाजूने घार फिरत होती. मग दर कार्यक्रमानंतर जो प्रश्न तो विचारत असे, तो आपसूक तोंडातून गेला.

“कुठं हललं का गं?”

“दुसऱ्या वेळेला वर जाताना पंचम जरासा,” ती लगेच म्हणाली. “कुणाला कळलं नसंल. बाकी काय न्हाई. तो गंधार दोन्ही बारीला बरोबर लागला.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. “सगळे रडायले होते.”

“बघितलं की.”

“तू न्हाई रडलीस.”

“मी?” तिला खरंच नवल वाटलं. “मी कशी रडू? मी ऐकायले होते कुठं? तुम्ही खाली आल्या आल्या विचारणार, कुठं हललं का. नीट सांगितलं न्हाई तर दोन दिवस जेवायचं न्हाई, तंबोऱ्यावर राग काढायचा. लग्न झाल्यापासून मी तुमचं गाणं ऐकलंय कधी? जीव मुठीत धरून बसते. एक एक सूर जागेवर बसला की श्वास सोडते.” मग थोड्या मवाळपणे म्हणाली, “अमरदीप मला काय विचारत न्हाई. त्याचं लावलं की मी मोकळी असते.”

ऑटो खड्ड्यातून गेली आणि दोघांचे खांदे एकमेकांवर आदळले. प्रणेश म्हणाला, “आता न्हाई विचारणार. पुन्हा कधी न्हाई.”

“असं नका करू,” ती घाबरून म्हणाली. “न विचारल्यावर मला वाटायचं, काहीतरी फार मोठं चुकलं.”

त्याने मान हलवली. मास्तरांची अंगठी आपण नकळत हिच्या बोटात घातली, हे त्याला दिसलं. साऱ्या सभागृहात आपल्या प्रत्येक सुरासाठी श्वास धरून बसणारं एक माणूस आपल्याला लाभलं, असं कुणी अमरदीपसाठी बसत नसेल, हेही त्याला दिसलं. ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि दुसरा कुणी असता तर एवढ्यावर आयुष्यभर सुखी राहिला असता. त्याने तिचा हात हातात घेतला. तळवा अजून घामाने ओला होता. सगळं समजलं होतं त्याला. तरी ऑटो घराच्या वळणाला लागली तेव्हा त्याला हवं होतं ते तिच्या डोळ्यांतलं पाणीच, आणि ते अमरदीपकडे होतं.